आधी हात, मग रेघ

आयसीयूत शिरताना ते मान खाली घालून यायचे. लाजाळू होते म्हणून नव्हे. लाजणं त्या माणसाला माहीतच नव्हतं. वरच्या मजल्यावर बोलले की खाली औषधाच्या दुकानात ऐकू जायचं. मान खाली यासाठी, की पलंगाच्या डोक्याशी लावलेल्या मॉनिटरवर चुकूनही नजर पडायला नको. पेशंटपाशी यायचे, त्याचं मनगट हातात घ्यायचे आणि डोळे मिटायचे. मग बराच वेळ काही नाही. आम्ही सिस्टर लोक ट्रे धरून उभ्या, पेशंट बिचारा छताकडे बघतोय, नातेवाईक दाराच्या काचेला नाक लावून. शेवटी नाकातून एक बारीकसं ‘हं’ निघायचं. ते निघालं की डोळे उघडायचे आणि मग कुठे पडद्याकडे बघायचे.

“आधी हात, मग रेघ.” नवीन सिस्टर आली की पहिल्या दिवशी तिला हे वाक्य मिळायचं. मला तर वर्षानुवर्षं रोज मिळालं, जणू मी कालच कामाला लागले होते.

नाव सांगत नाही. धुळ्याच्या लोकांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. घराणं मूळ राजस्थानचं, पणजोबांपासून धुळ्यात कापडाचं दुकान. भाऊ गादीवर बसले आणि हे हृदयाचे डॉक्टर झाले. पण अहिराणी अशी बोलायचे की पेशंट विचारायचा, भाऊ, तुमनं गाव कोणतं? मी शिंदखेड्याची, जन्माने अहिराणी बोलणारी. शहरात राहून माझी जीभ बोथट झाली, त्यांची नाही. गावाकडचे त्यांना डॉक्टरभाऊ म्हणायचे, आम्ही सर. मला ते सिस्टर म्हणायचे आणि चिडले, किंवा मनातलं काही बोलायचं असलं, की बाई.

तुम्ही कधी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसला असाल तर मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल. आत आपलं माणूस. त्याच्या डोक्यावर टीव्हीसारखा पडदा, त्यावर हिरवी रेघ वर-खाली पळतेय, बाजूला आकडे बदलतायत. मध्येच काहीतरी टिंगटिंग वाजतं आणि तुम्ही ताडकन उभे राहता. ते कशासाठी वाजलं, कुणी सांगत नाही. विचारलंत तर माझ्यासारखी एखादी कजाग बाई म्हणते, बाहेर बसा. रेघ हलतेय म्हणजे जिवंत, सरळ झाली म्हणजे संपलं, एवढ्या ज्ञानावर माणसं दिवसचे दिवस काढतात.

सरांना हे खपायचं नाही. म्हणून आमच्याकडे रोज दुपारी चारला ‘वाचन’ असायचं. पोथीचं नव्हे, रेघेचं. एकेका पेशंटच्या घरच्या एका माणसाला आत घ्यायचं, चपला बाहेर, हात धुऊन, आणि मॉनिटरसमोर स्टुलावर बसवायचं. सर बाजूला उभे राहायचे. आधी पेशंटचं मनगट धरायला लावायचे, ठोका बोटाला लागला का विचारायचे, आणि मग पडद्याकडे बोट. हा बारीक उंचवटा, ही पी. हे उंच टोक, हे क्यूआरएस. मागची गोलसर टेकडी, ती टी. बारीक उंचवटा म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा हलला, उंच टोक म्हणजे खालचा. मग म्हणायचे, “आता तू वाच.” शाळेत गेलेला असो, नसो, धडा सगळ्यांना एकच.

मला हा प्रकार सुरुवातीला बिलकूल पसंत नव्हता. एक तर जागा एवढीशी. त्यात बाकीचे डॉक्टर हसायचे, म्हणायचे, आता राउंड नातेवाईकच घेतील. आणि झालंही तसंच. एक जावईबापू मला म्हणाले, सिस्टर, सासऱ्यांचा एक ठोका आत्ता मध्येच जास्तीचा आला, लिहून ठेवा. कपाळ माझं. मी तणतणत सरांकडे गेले. त्यांनी विचारलं, मग लिहिलंत का? म्हटलं, लिहिलं. म्हणाले, मग झालं तर.

एक गोष्ट मात्र मी पहिल्यापासून बघत होते. बिघडलेल्या रेघेपाशी सर भराभर काम उरकायचे आणि नीट चाललेल्या रेघेपुढे उभे राहायचे. सायनस ऱ्हिदम, म्हणजे हृदयाची आपली साधी सरळ चाल. तीत बघण्यासारखं काय असतं? पण हे बघत राहायचे. एकदा मी म्हटलं, सर, पुढच्या पेशंटला उशीर होतोय. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, हे याला कुणी सांगितलं? आईच्या पोटात होता तेव्हा सुरू झालं. शाळेत चालू, लग्नात चालू, झोपेत चालू. याने एकदाही लक्ष दिलेलं नाही.” पेशंट होते एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. ते दचकून आपल्याच छातीकडे बघायला लागले. मला हसू आलं. पण त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मी माझ्याच मनगटावर बोटं ठेवली, आणि मोजायचं विसरून देवपुरातलं घर येईपर्यंत तशीच बसून राहिले.

आता तंबाखूचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्याकडे नुसतं ध्यान लावून बसायचं काम होतं. एका दुपारी तीन नंबरच्या पलंगाचा अलार्म जो बोंबलायला लागला, की सगळे धावले. पडद्यावर रुंद, उंच, उधळलेली टोकं. त्याला व्ही-टॅक म्हणतात. खालचा कप्पा बेफाम सुटतो आणि बघता बघता माणूस हातचा जातो. एकाने शॉकचं मशीन ओढलं, एकीने इंजेक्शन भरायला घेतलं. सर आले ते नेहमीसारखे मान खाली घालून. माझा जीव वरखाली होत होता, की आता तरी वर बघा हो. त्यांनी मनगट शोधायला चादरीत हात घातला आणि थांबले.

“आबा, काय करी ऱ्हायनात?” त्यांनी विचारलं.

आबा शिंदखेड्याकडचे, म्हणजे माझ्या माहेरचेच म्हणा ना. चादरीखाली डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन उजव्या अंगठ्याने जोर लावून मळत होते. हाताबरोबर छातीला लावलेल्या वायरी हलत होत्या आणि मशीन बिचारं त्यालाच हृदय समजत होतं. आबा शांतपणे म्हणाले, “काही नही भाऊ, थोडी मळी ऱ्हायनू.” सरांनी तळहात पुढे केला, आबांनी निमूट पुडी त्यावर ठेवली. आपण एका चांगल्या शुद्धीवरच्या माणसाला शॉक द्यायला निघालो होतो. शॉकचं मशीन मी स्वतः कोपऱ्यात ढकलून आले.

रेघेसाठी सरांचे स्वतःचे शब्द नव्हते. ते त्यांनी बाकावरच्या माणसांकडून उचललेले. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचा कप्पा नुसता थरथरतो आणि ठोक्यांना काही धरबंध राहत नाही. पिंपळनेरच्या एक बांगड्या भरणाऱ्या खाला नवऱ्याची ती रेघ वाचायला बसल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, ये तो हमारे पिंपळनेर का बाजार है, सब चिल्ला रहे हैं, कोई किसी की सुनता नहीं. त्या दिवसापासून आमच्या आयसीयूत त्याला ‘बाजार’. सकाळी राउंडला आले की सर विचारायचे, दोन नंबरचा बाजार उठला का?

पण सगळ्यांत मोठा शब्द मिळाला तो साक्रीकडच्या एका बाईंकडून. नवरा-बायको मळ्यात राहणारे. नवऱ्याला हार्ट ब्लॉक झाला होता. वरच्या कप्प्याचा निरोप खालच्याला पोचायचा बंद. खालचा कप्पा मग स्वतःच्या मनाने, फार सावकाश चालतो आणि कधीही थांबू शकतो. त्यावर इलाज पेसमेकर, छातीत कातडीखाली बसवायचं छोटं मशीन. घरचे म्हणत होते, मशीन बसवलं तर शेवटी जीव सुटत नाही, अडकून पडतो. सही द्यायला कुणी तयार नव्हतं. सरांनी बाईंना स्टुलावर बसवलं. नवऱ्याचं मनगट हातात धरून त्या खूप वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हाक जाई ऱ्हायनी. ओ नही ये.”

सर म्हणाले, म्हणजे कसं, माय? तर त्यांनी सांगितलं. दुपारची भाकर झाली की त्या दारातून हाक मारायच्या आणि तो पार विहिरीकडून ओ द्यायचा. ओ आली की त्या ताट वाढायला घ्यायच्या. इथे तो वरचा हाक मारतोय आणि खालचा ओ देत नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाईंनी सही दिली, नवरा चालत घरी गेला. त्यानंतर ब्लॉक हा शब्द सरांच्या तोंडून मी ऐकला नाही. ओ उशिरा येते, ओ मधूनमधून चुकते, ओ बंद झाली. ब्लॉकचे तिन्ही प्रकार त्यांनी त्या एका बोलण्यात बसवून टाकले.

आणि एक नियम करून टाकला. घरच्या माणसाने रेघ वाचल्याशिवाय पेसमेकरची सही घ्यायची नाही. पेशंट स्वतः शहाणा असला, सही करायला तयार असला, तरी नाही.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहा पिता पिता. ते शिकत होते तेव्हा त्यांचे वडील लांबच्या एका मोठ्या दवाखान्यात वारले. आई काचेबाहेर बसलेली. तिला रेघ दिसत होती. रेघ एकदम जोरात पळायला लागली तेव्हा तिला वाटलं, तब्येत सुधारली, म्हणून पळतेय. ती हात जोडून नवकार मंत्र म्हणत होती आणि आत सगळं संपत होतं. मग कुणीतरी दार उघडलं, दोन शब्दांत सांगितलं आणि दार लावून घेतलं. सर म्हणाले, “ते गेले हे तिने सोसलं. पण ‘ते जात होते तेव्हा मी खूश होते’, हे तिला शेवटपर्यंत सोसलं नाही.” कपातला चहा तसाच ठेवून ते उठून राउंडला गेले.

आणि आता गंमत बघा. निम्म्या खानदेशाला रेघ वाचायला शिकवणाऱ्या या माणसाची बायको आयसीयूची पायरी चढलेली नव्हती. त्यांना आम्ही भाभी म्हणायचो. घर पक्कं जैन. सूर्य बुडाला की सर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. म्हणून सूर्य असेपर्यंत भाभी स्वतः रिक्षाने डबा घेऊन यायच्या आणि गेटपाशी उभ्या राहायच्या. गेटच्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. वॉचमन वर निरोप द्यायचा आणि आमच्यातली कुणी जाऊन डबा आणायची, बहुतेक वेळा मीच. ठेंगण्या, गोड बोलणाऱ्या, आणि हट्टात नवऱ्याच्या वरताण. मी किती वेळा म्हटलं, भाभी, एकदा वर या, सर कसं शिकवतात बघा तरी. त्या हसून म्हणायच्या, मला कशाला शिकवतात, आधी मी घरी हाक मारते तेव्हा पुस्तकातून मान तर वर काढा म्हणावं. आणि रिक्षात बसून जायच्या.

मग सरांची स्वतःचीच ओ बंद झाली.

दुपारची वेळ होती. जिना चढताना ते मध्येच थांबले. मी दोन पायऱ्या मागे. त्यांनी एका हाताने कठडा धरला, कठड्यावर कोपर टेकवून दुसऱ्या हाताने आपलंच मनगट धरलं आणि डोळे मिटले. ‘हं’ यायला फार वेळ लागला. मग म्हणाले, “सिस्टर, चार नंबर रिकामा आहे ना? चादर बदला.” स्वतःचं निदान स्वतः करून स्वतःच्या पायांनी भरती झालेला पेशंट मी तो एकच बघितला.

मॉनिटर लावला. पूर्ण ब्लॉक. आकडा चाळिशीच्या खाली. आमच्याकडे पेसमेकर बसवायला जळगावहून एक कार्डिओलॉजिस्ट यायचे, सरांच्याच हाताखाली शिकलेले. ते निघाले ते दोन तासांत पोचले आणि म्हणाले, आज संध्याकाळीच बसवून टाकू. सर म्हणाले, सही झालेली नाही. ते म्हणाले, सर, तुम्ही शुद्धीवर आहात, तुम्हीच करा. सर म्हणाले, आपला नियम काय आहे? आधी घरच्यांचं वाचन. आणि डोळे मिटून पडून राहिले.

जळगावचे डॉक्टर मला बाहेर घेऊन आले. त्यांच्या कपाळावर घाम. म्हणाले, अक्का, ते पेसमेकर बसेपर्यंतची तात्पुरती वायरसुद्धा घालू देत नाहीत. खालचा कप्पा कधी थांबेल सांगता येत नाही, आणि थांबला तर दर वेळी परत सुरू होईलच असं नाही. मी काही आंधळी नव्हते. बोलता बोलता सरांची नजर दोनदा मध्येच हरवलेली मी बघितली होती. तेवढा वेळ पडद्यावर एकही उंच टोक नव्हतं, नुसते बारीक उंचवटे पळत होते. दोन्ही वेळा ओ उशिरा आली.

मी आत जाऊन सरळ भांडले. म्हटलं, सर, हा नुसता हट्ट आहे. लोकांच्या जिवासाठी धावता आणि स्वतःच्या जिवाशी असा खेळ मांडलाय.

“हट्टच आहे,” ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. “पण ऐका, बाई. मी आज ना उद्या जाणार. तेव्हा तिला कुणी दार उघडून सांगायला नको. तिचं तिला कळलं पाहिजे.”

मी खाली उतरले. भाभी गेटपाशी उभ्या होत्या, हातात डबा. त्यांना फोनवर एवढंच सांगितलेलं, की बरं नाही, आज इथेच राहतोय. पण त्यांचा चेहरा बघून कळलं, त्यांना सगळं कळलंय. मी सांगायचं ते सांगितलं. त्या नाही नाही म्हणत मान हलवत राहिल्या.

“सिस्टर, बाहेर येणाऱ्यांचं बोलणं मी इथे रोज ऐकते,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे जो आत जातो तो त्या टीव्हीकडे बघतो. आपल्या माणसाच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. मला एकदा ती रेघ कळायला लागली, की मी पण तशीच होईन. मला त्यांचं तोंड बघायचंय.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी डबा पुढे केला. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी हात मागे घेतले. म्हटलं, भाभी, आज डबा मी नेणार नाही. तुम्ही न्या. त्या म्हणाल्या, अहो, सूर्य बघा कुठे आलाय. म्हटलं, तेच म्हणतेय. आणखी थोडा वेळ इथे उभ्या राहिलात तर ते उद्या सकाळपर्यंत उपाशी. आणि मी तिथेच उभी राहिले. पेसमेकर बसवायच्या पेशंटला आधी खायला देत नाहीत, हे मला चांगलं माहीत होतं. भाभींना नव्हतं.

त्यांनी पश्चिमेकडे बघितलं. पांझरा नदीच्या अंगाला ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. मग पदर खोचला, डबा पोटाशी धरला आणि गेटच्या आत आल्या. जिन्यात त्यांचा श्वास माझ्या मागे ऐकू येत होता. वर आल्यावर त्यांनी कुणी न सांगता चपला काढल्या आणि हात धुतले.

सरांनी डबा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. एवढ्या अवस्थेत हसले. मग भाभींना म्हणाले, “बस. आधी माझा हात धर.” भाभींनी धरला. “लागतोय?” “लागतोय. फार हळू.” “माझ्या तोंडाकडे बघून झालं का?” भाभी बघत राहिल्या. “झालं की वर बघ.”

बऱ्याच वेळाने त्यांनी वर बघितलं. सरांनी एकही शब्द शिकवला नाही; एवढंच सांगितलं, की लहान उंचवटा म्हणजे हाक, मोठं टोक म्हणजे ओ. भाभी बघत होत्या. जळगावचे डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मी सरांच्या नजरेकडे.

“लहान आहेत ते नीट चाललेत,” भाभी अखेर म्हणाल्या. “मोठे पण आपले चाललेत. पण दोघांचं एकमेकांशी काही नाही. हाकेची ओ नाही ती. कुणाला तरी दुसऱ्यालाच दिल्यासारखी.”

सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, पहिल्यांदा बघितलं. ते म्हणाले, आता मशीन हाक मारेल, खालच्याला ऐकावीच लागेल अशी. भाभींनी विचारलं, आणि तेव्हाही त्याने ओ नाही दिली तर? सर म्हणाले, “मग समजायचं.” भाभींनी मान हलवली. सही केली तेव्हाही त्यांचा डावा हात सरांच्या मनगटावरच होता.

पेसमेकर त्याच संध्याकाळी बसला. डबा मी आणि जळगावच्या डॉक्टरांनी खाल्ला. मेथीचे पराठे होते आणि आम्हा दोघांनाही इतकी भूक लागलेली आम्हाला माहीत नव्हती.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. भाभी डबा वर घेऊन यायला लागल्या, आणि चारच्या वाचनाला मागे स्टूल टाकून बसायला लागल्या. एखादी बाई रेघेकडे बघत घाबरली की त्या मागून तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, आधी तोंड बघ त्यांचं, रेघ कुठे पळून जात नाही. सर यावर खोटं खोटं चिडायचे. म्हणायचे, माझ्या वर्गात दुसरी मास्तरीण आली. आणि नीट चाललेली रेघ दिसली की ते दोघंही बघत उभे राहायचे, आणि मी मागून ओरडायचे, की पुढचे पेशंट खोळंबलेत. त्या दोघांना पाठमोरं बघताना मला काय वाटायचं ते मला आजही नीट सांगता येत नाही. देवळात गर्दी नसताना वाटतं तसं काहीतरी.

सरांचं शेवटचं दुखणं हृदयाचं नव्हतं. फुप्फुसं थकली, मग मूत्रपिंडं. खिडकीजवळचा पलंग त्यांनी स्वतः निवडला. नळी घालायची नाही, छाती दाबायची नाही, हे सगळ्यांना बजावून ठेवलं. त्या दिवसांत ते झोपूनच असायचे. भाभी शेजारी.

त्या सकाळी मी ड्युटीवर आले तेव्हा आयसीयूत शांत होतं. खिडकीतून ऊन आलेलं. सरांच्या मॉनिटरवर आकडा साठ. अलार्म नाही, काही नाही. दारातून बघणाऱ्याला वाटलं असतं, सर झोपलेत. भाभींनी त्यांचं मनगट दोन्ही हातांत धरलं होतं आणि डोळे मिटले होते. मी जवळ गेले तरी उघडले नाहीत. मी उभी राहिले. त्या ‘हं’ म्हणतील म्हणून मी वाट बघत होते.

त्यांनी डोळे उघडले. आधी सरांच्या तोंडाकडे बघितलं, पुष्कळ वेळ. कपाळावरचे केस सारखे केले. मग वर पडद्याकडे बघितलं.

“सिस्टर,” त्या म्हणाल्या, “हाक जातेय.”

मी बघितलं. पेसमेकरच्या बारीक उभ्या रेघा, ठरल्या वेळी, एकीमागून एक. मॉनिटर त्यांनाच ठोके समजून साठ मोजत होता. एकाही रेघेमागे टोक नव्हतं.

“ओ नाही,” भाभी म्हणाल्या.

मी दुसऱ्या बाजूला जाऊन सरांचं दुसरं मनगट धरलं आणि डोळे मिटले. मनगट अजून कोमट होतं. मी खूप वेळ थांबले, लागेल त्यापेक्षा जास्त. मग मानेपाशी बोटं ठेवली. ड्युटीवरचे डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि भाभींना सांगायला तोंड उघडलं, तर भाभींनी मान हलवून त्यांना थांबवलं. दार उघडून कुणाला काही सांगावं लागलं नाही.

पडद्यावर हाका चालूच होत्या. भाभी त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

“आता बंद करा ते,” त्या मला म्हणाल्या. “ओ यायची नाही, तर त्याने तरी किती हाका मारायच्या.”

मी मॉनिटर बंद केला. भाभींनी मनगट सोडलं नव्हतं, आणि मीही नाही.